वकीलसाहेबांच्या पाठीवरची सॅक

शाळेत शिकवताना मी वर्षानुवर्षं हिमालय भिंतीवरच्या नकाशात वेताच्या काठीनं दाखवला. प्रत्यक्ष पाहिला कधीच नाही. निवृत्त झाल्यावर हुबळीजवळच्या मळमड्डी वस्तीतल्या आम्ही सकाळी फिरायला जाणाऱ्या बायकांनी ठरवलं, की उत्तराखंडात जायचं, चार-पाच दिवस डोंगरातून चालायचं आणि मुक्काम तंबूत करायचा. सगळ्यांच्या आधी हात वर केला तो मी. अट एकच होती, ज्याचं सामान त्यानं आपल्या पाठीवर घ्यायचं.

आणि माझी पाठ म्हणजे नाजूक प्रकरण. मध्यंतरी मणक्यातली गादी सरकली तेव्हा कूस बदलायचीही चोरी झाली होती. म्हणून आधी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, खुशाल जा. पण ओझं कमरेवर आलं पाहिजे, खांद्यावर नको. सॅक नीट बघून घ्या. पाठ पुन्हा धरली तर मात्र डोंगर विसरायचे." म्हणजे आता माझं जाणं न जाणं एका पिशवीवर येऊन ठेपलं.

मला वाटलं होतं, सॅक घेणं म्हणजे काय, दुकानात जायचं, रंग बघायचा, भाव करायचा. पुण्याच्या लेकीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, पन्नास लिटरची घे." लिटर म्हटलं की मला दूध आठवतं. कपडे लिटरमध्ये कसे मोजतात हे तिनं दोनदा समजावलं आणि मी दोन्हीदा हो म्हटलं. मग मोबाइलवर व्हिडिओ बघायला बसले. एक तरणा मुलगा सांगत होता, पाठीशी जाळी असलेलीच सॅक घ्या, वारा खेळता राहतो. दुसऱ्या व्हिडिओत एक मुलगी तितक्याच खात्रीनं सांगत होती, जाळीची मुळीच घेऊ नका, ओझं पाठीपासून लांब जातं. मी दोघांनाही मान डोलावली. आत सळ्या असाव्यात की नसाव्यात, वरून उघडावी की पुढून, जितकं ऐकावं तितका गोंधळ वाढत होता. मॉलमध्ये जाऊन आले, तर तिथल्या सॅकची किंमत वाचून मी ती चिठ्ठी हळूच परत आत सारली.

शेवटी आमचे वकीलसाहेब, म्हणजे माझे यजमान, म्हणाले, "एवढं डोकं कशाला पिकवतेस? दुर्गदबैलला अण्णांकडे जाऊ."

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातलं हे बॅगांचं दुकान आमच्या घरचंच झालेलं. दुकानदारांचं घराणं मूळचं मिरजेकडचं. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो आणि ते मला वैनी. मुलांची दप्तरं, ह्यांची कोर्टाची बॅग, लेकीच्या लग्नातल्या सुटकेसी, सगळं तिथलंच. बाजारात जायचं म्हणून मी नेहमीसारखी साडी नेसून निघाले. तिथंच पहिली चूक झाली, पण ती कळायला वेळ लागला.

अण्णांनी काठीनं वरच्या चार-पाच सॅका खाली काढल्या. "घालून बघा की वैनी. दुकान तुमचंच आहे."

मी एक पाठीवर घेतली. खांद्याचे पट्टे झाले, मग कमरेचा पट्टा हातात आला आणि मी थबकले. तो पदराखालून घ्यायचा की वरून? निऱ्यांवर आवळायचा? दुकान रस्त्यावर सताड उघडं. समोर दोन हातगाड्या एकमेकींत अडकलेल्या, त्यामुळे सगळा बाजार थांबून आमच्याकडेच बघतंय असं मला वाटायला लागलं. त्या गर्दीत कमरेला पट्टा करकचून बांधून उभं राहायचं धाडस मला झालं नाही.

"अहो, तुम्हीच घालून बघा ना," मी म्हटलं. "आपली उंची सारखीच तर आहे."

साहेब तयारच होते. त्यांनी शर्ट नीट केला, सॅक चढवली, पट्टा कटकन लावला आणि दुकानात येरझाऱ्या घातल्या, जणू समोर न्यायाधीशच बसले आहेत. अण्णा म्हणाले, "एक नंबर!" बाहेर अडकलेला एक रिक्षावालाही आत डोकावून म्हणाला, "छलो ऐतिरी, अक्कार!" छान आहे म्हणे. आत सगळा कागदांचा बोळा कोंबलेला, ती छान वाटणारच! पण सॅक माझी आणि बघतोय ह्यांच्या पाठीवर, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. वर साहेब म्हणाले, "शिवाय दोघांनाही वापरता येईल." आमच्या घरात छत्रीपासून शालीपर्यंत सगळं ह्याच हिशेबानं येतं. भावही परवडणारा होता. घेतली.

घरी आल्यावर सलवार-कमीज घातली, सॅकमध्ये जोंधळ्याची पिशवी भरली आणि गच्चीवर चालायला लागले. थोड्याच वेळात कमरेचा पट्टा घसरून पार मांड्यांशी आला आणि सगळं ओझं खांद्यांवर लोंबायला लागलं. वरचे पट्टे ओढले, मग खालचे ओढले, मग सगळेच ओढले. कुठला पट्टा कशासाठी हेच कळेना. सॅक वाईट की माझी पाठ वाईट, तेही कळेना. आणि मग पाठीत खाली ती जुनी, ओळखीची कळ आली. मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि मला रडू फुटलं. आपण जाऊ शकणार नाही, नकाशातलाच हिमालय आपल्या नशिबी, असं अगदी स्पष्ट वाटलं.

साहेब वर आले. त्यांनी तीच सॅक जोंधळ्यासकट पाठीवर घेतली आणि गच्चीला फेरी मारली. "बघ, किती आरामशीर आहे! तुला सवय नाही, एवढंच."

माझं डोकंच फिरलं. "अहो, डोंगरात तुम्ही जाणार आहात की मी?"

खाली जाऊन त्यांनी माझ्या शिलाई मशीनवरची टेप आणली. मानेच्या वर आलेल्या हाडापासून कमरेच्या हाडापर्यंत आम्ही एकमेकांची पाठ मोजली. त्यांची पाठ माझ्यापेक्षा चांगली चार बोटं लांब निघाली. उंची सारखी खरी, पण माझी सगळी पायांत होती आणि त्यांची पाठीत. इतक्या वर्षांच्या संसारात हे कधी ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हुबळी. या वेळी मी सलवार-कमीज आणि पायात बूट घालून, जोंधळ्याची पिशवी हातात घेऊन गेले. "बदलून देतो की वैनी, त्यात काय!" अण्णा म्हणाले आणि आखूड पाठीच्या सॅका शोधून काढल्या. मी एकेकीत जोंधळे भरले, कमरेचा पट्टा हाडांवर बसवून आवळला आणि थेट बाहेर पडून बाजारातून चालत सुटले. हातगाडीवाल्यांनी वाट दिली, बस्स. माझ्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता.

तरी ठरेना. एक आज बरी वाटत होती, पण तिसऱ्या दिवशीच्या चढावर काय? दुसरी खांद्याला हलकी, पण कुठंतरी टोचल्यासारखी. तिसरी घालून मी धान्याच्या दुकानांपर्यंत जाऊन आले. काहीच दुखलं नाही. खांदे मोकळे, पाठ गप्प. पण नुसतं मला बरं वाटतंय, तेवढ्यावर कसं घ्यायचं? मी काढली आणि सवयीनं ह्यांच्यापुढे धरली. "अहो, तुम्हाला कशी वाटते?"

त्यांनीही सवयीनं घातली. कमरेचा पट्टा पोटाच्या वर बरगड्यांशी आला, खांद्याचे पट्टे काखेत रुतले. नातवाचं दप्तर चुकून पाठीला लावल्यासारखे दिसत होते. अण्णा खो खो हसायला लागले. साहेबांनी मागं-पुढं होऊन बघितलं, दोन पट्टे ओढले आणि हात टेकले.

"नाही गं, ही मला अजिबात बसत नाही."

"अण्णा," मी म्हटलं, "हीच द्या."