शिशाच्या भांड्यातली गोळी

दादाच्या मित्राचा, डेक्लनचा फोन आला तेव्हा मी सिटीवेस्टच्या घरी पोळ्या लाटत होते. "वीणा, सुहास इज गॉन," एवढंच म्हणाला. सुहासदादा, माझा सख्खा मोठा भाऊ, इथे आयर्लंडमध्येच नास गावात एकटा राहायचा. सकाळी बागेतल्या शेडच्या दारात पडलेला सापडला, हार्ट. अंगात चामड्याचा एप्रन होता, शेगडी अजून पेटवायची होती... मी फोन ठेवला आणि तव्यावर पाहिलं, तर पोळी काळी ठिक्कर. तो असता तर आधी त्यावरच बोलला असता.

दीड महिना झाला. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, किती प्रेमळ होता हो! कोण? आमचा दादा? माणूस गेला म्हणून वाट्टेल ते बोलायचं का? त्याच्या जिभेला हाड नव्हतं. ऑफिसात टेस्टिंगमध्ये होता, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार, आणि घरी आल्यावर तेच काम फुकट. वहिनी काही फार टिकली नाही. कायमची पुण्याला निघाली त्या दिवशी ती गाडीत बॅगा ठेवत होती आणि हा दारात उभा राहून म्हणाला, "जड बॅग खाली ठेव, तेवढं तरी नीट जमू दे." मी तिथेच होते. वहिनीने खरंच जड बॅग खाली ठेवली.

बंदुकीचा नाद त्याला डेक्लनने लावला. ऑफिसातला मित्र, एकदा रेंजवर घेऊन गेला आणि आमचे साहेब कामातून गेले. ठासणीची बंदूक, सत्तावनच्या बंडात शिपायांच्या हातात असायची तिची हुबेहूब नक्कल. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून गोळी ठासायची. या गोळ्या तो स्वतः ओतायचा. शिसं अगदी शुद्ध हवं, नखाने ओरखडा उठला पाहिजे इतकं मऊ, कारण गोळी बुडाशी पोकळ असते आणि बार उडाला की तिची पातळ कड फुलून नळीच्या आट्यांना धरते. कडेला एवढंसं भोक किंवा सुरकुती असली की गोळी भरकटते. साचा गार असेल तर पहिल्या गोळ्या सुरकुततातच. दादा एकेक गोळी उजेडाला धरायचा, नाक मुरडायचा आणि परत शिसं वितळवायच्या भांड्यात टाकायचा.

शनिवारी मी मदतीला जायचे. का जायचे, कोण जाणे. या देशात रक्ताचं म्हणावं असं दुसरं कुणी नव्हतं म्हणून असेल. त्याने मला ओतायला शिकवलं आणि मी ओतलेली प्रत्येक गोळी परत भांड्यात टाकली. "ढोबळ." "घाई." "तुझ्यासारखीच, वरून गुळगुळीत." मला एकच हवं होतं, की त्याने माझी एक तरी गोळी ठेवावी. हसा खुशाल. पन्नाशीच्या बाईला एवढंच हवं होतं.

एका वर्षी खंडेनवमीला आई इथे होती. हत्यारांची पूजा तर व्हायलाच हवी! दादा अंघोळीला गेला असताना तिने शेडमध्ये जाऊन साच्याला हळदकुंकू लावलं आणि ओतायच्या पळीत धुतलेलं झेंडूचं फूल ठेवलं. शिसं वितळल्यावर दादाने फूल काढून फेकलं आणि तशीच ओली पळी त्यात बुडवली. पाण्याचा थेंब तापल्या शिशात गेला की वाफ होऊन शिसं उसळतं. फटाका फुटावा तसा आवाज झाला, त्याच्या मानेला भाजलं, डोळा थोडक्यात वाचला. पळी पुसायची चूक त्याचीच, पण तो आईला म्हणाला, "तुझ्या भक्तीने आज मी आंधळा झालो असतो. पुन्हा इथे पाऊल टाकू नकोस." आईने परतीचं तिकीट अलीकडे घेतलं आणि ती पुन्हा आयर्लंडला आलीच नाही.

आई तिकडे वारली तेव्हा आम्हाला विमान वेळेत मिळालं नाही. मी नासला धावले. दादा शेडमध्ये शिसं वितळवत होता. मी त्याच्या शेजारी उभी राहून हुंदके द्यायला लागले, तर वर न बघता म्हणाला, "भांड्यात पाणी पडेल. बाहेर जाऊन रड." मी बाहेर जाऊन रडले. त्या दिवशी तो मेला असता तरी मला चाललं असतं... हे लिहू नये, पण खरं आहे.

आणि मग तो शेवटचा शनिवार. डेक्लनही आला होता. मी ओतलेली गोळी दादाने उजेडाला धरली, फिरवली, बुडाकडून निरखली आणि म्हणाला, "ही ठेव." मला वाटलं मी चुकीचं ऐकतेय. "ग्रँड!" म्हणून डेक्लनने टाळी दिली. मी हळूच गोळीच्या टोकावर नखाने चंद्रकोर उमटवली, माझी खूण म्हणून, आणि आठवडाभर हवेत होते. शुक्रवारी तो गेला.

दिवस झाल्यावर आवराआवरीला गेले. बंदूक डेक्लनने आधीच डीलरकडे जमा केली होती, परवाना दादाच्या नावाचा ना. पसंत केलेल्या गोळ्यांची पेटी किचनच्या कपाटात, इथल्या भाषेत प्रेसमध्ये, असायची. मी एकूण एक गोळी पाहिली. चंद्रकोर कुठेच नाही. मग शेडमध्ये गेले. भांड्यात गार शिशाची लादी आणि तिच्यावर वितळायला टाकलेल्या नापास गोळ्यांचा ढीग. सगळ्यात वर माझी.

गोळी खिडकीशी नेऊन उलट फिरवली. बुडाच्या कडेला टाचणीने टोचल्याएवढं भोक. त्या दिवशी मला दिसलं नव्हतं, पण त्याला? बागेपलीकडून खोट दिसायची त्याला! म्हणजे तो खोटं बोलला. जन्मात कधी कुणाचं मन राखलं नाही त्याने, ते त्या दिवशी माझं राखलं, आणि माझी पाठ वळताच गोळी भांड्यात टाकली. इतका संताप आला मला! लाड कुणाला हवे होते? मला खरी पसंती हवी होती, आणि आता ती द्यायला तो नाही. "मेल्या," असं तोंडून निघून गेलं आणि मी जीभ चावली.

मग त्याचा एप्रन बांधला, हातमोजे चढवले, पळी कोरडी पुसली आणि शेगडी पेटवली. चंद्रकोरीची गोळी खाली बसली, मऊ झाली, दिसेनाशी झाली. त्याच शिशाची मी नवी गोळी ओतली आणि उजेडाला धरली. सुरकुती होती. मी मागे सरकून, भांड्यापासून लांब, डोळे पुसले आणि गोळी परत आत टाकली.