वाणात गेलेलं वातीयंत्र

नोकरी गेली त्या दिवशी दीनानाथने घरी येऊन आधी पंख्याची खडखड बंद केली आणि मग बातमी सांगितली. ब्याण्णव साल होतं, भोसरीतला त्याचा कारखाना कायमचा बंद पडला होता. त्याची आई, कुसुमताई, मनातल्या मनात हिशेब करू लागल्या. कसबा पेठेतल्या दोन खोल्या, यजमानांचं पोस्टाचं पेन्शन आणि चाळिशीला टेकलेला, बिनलग्नाचा मुलगा. त्याचे वडील माधवराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "बरं झालं. आता घरातली एकही वस्तू न खोललेली राहणार नाही."

झालंही तसंच. इस्त्री झाली, रेडिओ झाला, शेजारच्या शकूबाईंचं शिवणयंत्र झालं. मग त्याची नजर आईच्या बोटांवर गेली. कुसुमताईंनी लक्षवातींचा नेम धरला होता. लाख वाती हाताने वळून देवाला वाहायच्या. पण संधिवाताने अंगठा वाकेना. ताटात कापूस घेऊन त्या बसायच्या आणि पाच-दहा वाती झाल्या की पदराआड हात चोळत राहायच्या.

दीनानाथ कोपऱ्यात पत्रा कापत, तार घासत बसला. एके दिवशी त्याने साबणाच्या डबीएवढं काहीतरी आईपुढे ठेवलं. फटीत कापसाचा पेळू ठेवायचा, बाजूची कडी फिरवायची, तार ओढायची. ताटात वात पडायची, सरळ, एकसारखी. कुसुमताईंनी कडी फिरवली, पुन्हा फिरवली, आणि त्यांना हसू आवरेना.

"अरे, हे तर पोरखेळासारखं झालं!"

"पुण्य कमी पडेल का गं?" दीनानाथने विचारलं.

"हात माझाच फिरतोय ना? मग झालं तर."

त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी वाण म्हणून वातीयंत्रच लुटायचं ठरवलं. दरवर्षीच्या प्लॅस्टिकच्या वाट्यांना त्या कंटाळल्या होत्या. दीनानाथ महिनाभर खपला. बायका आल्या, तिळगूळ झाला आणि कुसुमताई प्रत्येकीला झाकण उघडून आतली तारसुद्धा दाखवत राहिल्या. "माझ्या दीनाचं डोकं बरं का!" सगळी आळी तोंड भरून बोलली. दीनानाथ दाराआडून ऐकत होता. नोकरी गेल्यापासून त्याचा चेहरा एवढा उजळलेला कुसुमताईंनी पाहिला नव्हता.

त्या कौतुकानेच त्याला बळ आलं. फाल्गुनात त्याने पेटंटचा अर्ज केला. वकील न करता, स्वतः आकृत्या काढून. वातीयंत्रं तुळशीबागेतल्या दोन दुकानांत ठेवली. ती खपू लागली. घरात दीनानाथसाठी स्थळं पाहण्याची भाषाही सुरू झाली.

श्रावणात बाजारात दुसरीच वातीयंत्रं दिसू लागली. रंग झगझगीत, किंमत निम्मी. शकूबाई एक घेऊन आल्या आणि तावातावाने म्हणाल्या, "दीना, अरे काय हे? वात निघताना निम्मी उसवते. तुझ्या नावाने बायका खडे फोडतायत."

यंत्रं रविवार पेठेतल्या संपतशेठच्या दुकानातून येत होती. दीनानाथ तिकडे गेला तर संपत गोड हसला. "चोरी कसली? आमच्या शालूवहिनींना तुमच्याच घरी वाणात मिळालंय ते. तुमच्या मातोश्रींनी उघडून दाखवलं. आम्ही फक्त बघितलं."

मग मायलेक कोथरूडला हेमाताईंकडे गेले. त्या पेटंटचीच कामं करणाऱ्या वकील. त्यांनी कागद पाहून विचारलं, "अर्जाच्या आधी हे कोणाला दिलं होतं?"

दीनानाथने तोंड उघडायच्या आत कुसुमताई म्हणाल्या, "छे! अर्जानंतर. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला दिलं आम्ही."

हेमाताईंनी चष्मा काढला. "मावशी, चैत्रात डाळ आणि पन्हं देतात. वाण संक्रांतीला. हे समोरच्या वकिलाला नसेल माहीत, पण त्याच्या बायकोला?"

कुसुमताईंची मान खाली गेली. "पण मी विकलं नाही हो. वाण दिलं."

"विका नाहीतर वाटा, कायद्याला सारखंच. चारचौघींत उघडून दाखवलंत, तिथेच त्याचं नवेपण संपलं. यंत्राला एखादं नाव द्या, तेवढं तुमच्या मालकीचं म्हणून नोंदवून देते. युक्ती आता सगळ्यांची." मग आवाज थोडा उतरवून त्या म्हणाल्या, "आणि पेटंट असतं तरी ते राखणीचं कुत्रं नसतं, मावशी. चोर आला की भुंकायचं आपणच. तेही कोर्टात, केस पांढरे होईपर्यंत."

परतीच्या बसमध्ये कुसुमताई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. "माझ्या मिरवण्यापायी तुझं नुकसान झालं."

"वाणाची यंत्रं कोणी करून दिली? मीच ना? मलाही ऐकायचं होतं बायका काय म्हणतात ते," दीनानाथ म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो चप्पल घालून निघाला. "संपतशेठकडे जाऊन येतो." भांडण झालंच तर मध्ये पडायला कोणीतरी हवं, म्हणून कुसुमताईही मागोमाग निघाल्या.

संपतशेठ गादीवर सावरून बसला. "या. आज आईला घेऊन आलात? बरीच तयारी दिसतेय."

दीनानाथने खिशातून एक तार काढून त्याच्यापुढे ठेवली. "तुमची तार सरळ आहे. ती टोकाकडे किंचित निमुळती घासावी लागते. नाहीतर वात उसवते."

संपत तारेकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीने बघू लागला. "हे सांगायचे काय घेणार?"

"काही नाही. यंत्राला शिव्या पडतात, त्या ऐकवत नाहीत."

"अहो, मग आमचं तुमच्याइतकंच चांगलं होईल. तुमचं कोण घेईल?"

"ती काळजी आईकडे असते," दीनानाथ म्हणाला. "ती रोज करते."

कुसुमताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. मुलाला दंडाला धरून ओढत घरी न्यावं असं त्यांना वाटलं. पण तोवर संपतने तार आपल्या यंत्रात बसवली होती आणि कडी गरागरा फिरवून तो कापसाचा पार बोळा करत होता. त्यांना ते बघवेना.

"अहो, उलटी बसवलीत," त्या म्हणाल्या आणि त्याच्या हातातून यंत्र काढून घेतलं. "आणा इकडे. कापूस आधी असा सैल करून घ्यायचा."