सायकलीमागचा गार्ड

पूर्णा स्टेशनाबाहेर एका टपरीवर गावातला सगळ्यात चांगला चहा मिळतो. तरी दोन वर्षं मी आणि माझा मित्र तिथं पाय ठेवत नव्हतो. समोरच्या गाड्यावरचं उकळलेलं गोड पाणी प्यायचो. टपरीवाल्यानंच आपली चुगली आपल्या पुण्यातल्या पोराला केली, असा मित्राचा ठाम समज होता. टपरीवाला हात करून विचारायचा, "गुरुजी, काय चुकलं हो माझं?" आणि मी चष्मा पुसायला घ्यायचो.

चुगली मी केली होती. आता ती कशी आणि का, ते सगळंच सांगून टाकतो.

मित्र मालगाडीवर ड्रायव्हर होता. साऱ्या नोकरीत त्यानं लाल सिग्नल ओलांडला नाही. रिटायर झाला, सायकल घेतली आणि तुंबलेलं सगळं एकदम बाहेर काढलं. चौकात थांबायचं नाही, वळताना हात दाखवायचा नाही, रस्त्याची जी बाजू मोकळी दिसेल ती आपली. उसाचा हंगाम सुरू झाला की डबल ट्रॉलीच्या मागची लोंबती साखळी धरायची आणि पाय न हलवता चुडाव्याच्या रस्त्यानं फुकटात निघायचं. मी म्हणायचो, "अरे, जरा नियमानं चाल." तो म्हणायचा, "मास्तर, नियम नोकरीत संपले. आता पेन्शन चालू हाय." आणि मी हसायचो. नुसता हसायचो असं नाही, त्याचे हे पराक्रम टपरीवर मीच मीठमसाला लावून सांगायचो. ऐकणारे वाढले तशी त्याची साखळीवरची पकडही वाढली.

एका दुपारी बाजाराच्या वळणावर पुढचा ट्रॅक्टर करकचून थांबला. हा साखळी सोडेपर्यंत सायकल ट्रॉलीवर आदळली आणि हा खाली. मी रस्त्याच्या पलीकडं होतो. ट्रॅक्टर पुन्हा हलला तेव्हा मागचं टायर त्याच्या पावलाला जवळजवळ घासून गेलं. तो उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, "घरी बोलू नको. आन् पोराला तर अजिबात न्हाई." मी मान हलवली. घरी आलो. चपलाही न काढता पुण्याला त्याच्या पोराला फोन लावला.

पोरगा रविवारी आला. सायकलला साखळदंड घातला, ओसरीच्या खांबाला बांधली आणि किल्ली खिशात टाकून परत गेला.

मला वाटलं, काम झालं. पण मित्र त्या खांबासमोर बसून राहायला लागला. दाढी नाही, बाहेर पडणं नाही. वहिनी मला दारातच म्हणाल्या, "भावजी, हे जेवतेत पण चव सांगंनात. पहिले भाजीला नावं ठिवायचे, ते तर बरं होतं." टायरनं सोडलेला माणूस मी खांबाला बांधून मारतोय, असं वाटायला लागलं. मग पुन्हा पोराला फोन केला.

"किल्ली दे. मी जबाबदारी घेतो."

"काका, तुमच्या जबाबदारीवर? बाबांच्या गोष्टी तुम्हीच रंगवून सांगता म्हणे."

ही बातमी पुण्यापर्यंत पोचली होती. मी गोष्टी बंद करायचं कबूल केलं, रोज त्याच्या मागं सायकल चालवायचंही कबूल केलं, तेव्हा किल्ली आली. पण मागं राहून मी करणार काय? चाळीस वर्षं वर्गात ओरडून माझा आवाज गेलेला, आणि याच्या कानानं इंजिनाबरोबरच निवृत्ती घेतलेली. विचार करताना एक गोष्ट सुचली. मालगाडीच्या ड्रायव्हरला सिग्नल मिळाला तरी मागच्या डब्यातून गार्डनं हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय तो गाडी हलवत नाही. हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं.

"इंजिन तुझं," मी म्हटलं, "पण गार्ड मी."

तो पहिल्यांदा हसला. मग गंभीर झाला. "झेंड्या कुठंत?"

वहिनींनी ट्रंक उघडली. ओटीत आलेले ब्लाउजपीस तिथं थप्पीनं पडलेले. त्यातला एक हिरवा, एक लाल असे निवडून काठ्यांना शिवून दिले. हिरव्यावर बारीक बुट्टे होते. मित्र म्हणाला, "बुट्ट्याची झेंडी रेल्वेत चालत न्हाई." वहिनी म्हणाल्या, "मग रेल्वेतूनच आणा."

दुसऱ्या दिवसापासून तो चौकात पाय टेकून उभा राहायला लागला. मागं वळून बघायचा नाही. हँडलला एक आरसा बसवून घेतला होता, त्यात मी सायकलवरूनच एका हातानं दाखवलेली झेंडी दिसली की निघायचा. साखळी धरायचा प्रश्नच मिटला, कारण गार्डचा डबा मागं ठेवून इंजिन पळवायचं नसतं. मागचे मोटरसायकलवाले हॉर्न वाजवून बेजार व्हायचे. हा शांत. "गार्डनं दिली न्हाई अजून."

एकदा बाजारात माझी चेन उतरली. मी कडेला बसून ती चढवत होतो आणि हा पुढं चौकाच्या मधोमध झेंडीची वाट बघत उभा. त्याच्या मागं उसाचे ट्रॅक्टर लागले, त्यांच्या मागं जीपा. हवालदार आला.

"काका, बाजूला व्हा की."

"गार्डची झेंडी आल्याबिगर गाडी हलत न्हाई."

"कुठाय गार्ड?"

"मागं असतोय."

मी काळ्या हातांनी सायकल ढकलत धावत आलो आणि घाईत कॅरिअरला खोचलेली काठी उपसली. ती लाल निघाली. आरशात लाल बघून त्यानं दुसराही पाय खाली टेकला.

हवालदारानं आम्हाला झापलं ते सगळ्या बाजारानं ऐकलं. तोंड लपवून आम्ही गाड्यावर जाऊन बसलो. समोरच्या टपरीवर हशा पिकला होता. मित्र म्हणाला, "बघ कसा दात काढायलाय. आता हे बी पुण्याला कळवतोय त्यो." मी कप खाली ठेवला.

"त्यानं कधीच कळवलं नाही," मी म्हटलं. "तेव्हा फोन मी केला होता."

त्यानं गाड्यावाल्याला दोन्ही चहाचे पैसे दिले.

"गार्डला रिपोर्ट करावाच लागतोय," तो म्हणाला. "पण ड्रायव्हरला सांगून करायचा असतोय, मास्तर."

उठला, मला तिथंच सोडून रस्ता ओलांडून टपरीवर गेला. टपरीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलला, चहा घेतला. मग कानाला फोन लावून बराच वेळ उभा होता. त्यानं मला माफ केलं असं समजून मला बरं वाटलं.

संध्याकाळी नांदेडहून माझ्या मुलीचा फोन आला.

"बाबा, तुम्ही ट्रॅक्टरच्या गर्दीत एका हातानं सायकल चालवता? दुसऱ्या हातात झेंडी घेऊन?"

यात खोटं काही नव्हतं. दोन वर्षं मला ते सुचलंच नव्हतं. मुलगी कुलूप घेऊन यायला निघाली होती. हातापाया पडल्यावर तडजोड झाली. दोन्ही हात हँडलवर, झेंड्या बंद.

सकाळी मी त्याच्या दारात. "रिपोर्ट केलास ना?"

"केला. तुझ्याकूनच शिकलो."

झेंड्या वहिनींच्या हवाली केल्या. आम्ही निघालो. चौकात त्यानं सवयीनं पाय टेकला आणि आरशात बघत राहिला. मी मागून ओरडलो, "झेंडी नाही आता. आरशात काय बघतोस? तुझं तू बघ." आवाज पोचला की नाही कोण जाणे. पण थोड्या वेळानं त्यानं हँडल घट्ट धरलं आणि अख्खी मान मागं वळवली. नोकरीत हे काम गार्डचं, म्हणून त्यानं ते कधी केलंच नसावं. उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं, पुन्हा मागं. एक ट्रॅक्टर जाऊ दिला. मग त्याची नजर माझ्यावर येऊन थांबली आणि कपाळाला आठ्या पडल्या.

"मास्तर, मधी काय उभारलास? कडंला घे. मागून बस यायलीय."

मी कडेला घेतली. बस गेली. मग तो निघाला.