धुरानंतर वेचलेली पानं
भिजलेल्या बदामाच्या पानाचा तो शिळ्या चहासारखा वास आला की मला पनवेलच्या घरातली काचेची टाकी आठवते. तळोज्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर बाबांनी तिच्यात नखाएवढ्या लाल कोळंब्या पाळल्या होत्या. वाळलेलं बदामाचं पान पाण्यात सोडलं की त्या दिवसभर त्याच्यावर बसून चरायच्या. मग एका आठवड्यात एकीच्या पोटाखाली पहिल्यांदाच अंडी दिसली आणि बाबा शेजाऱ्यांना हाताला धरून दाखवायला आणू लागले. मी तेव्हा डासांविरुद्ध पेटले होते. ‘धुराची गाडी पाठवा, नाहीतर खुर्च्या सोडा!’ अशी पालिकेविरुद्धची पत्रकं मी दारोदार वाटली आणि शेवटी गाडी आलीच, गल्लीभर डास मारायच्या औषधाचा धूर सोडून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटजवळच्या बदामाखालची पानं मीच वेचली, नळाखाली धरली आणि टाकीत सोडली. दुपारी कोळंब्या उलट्या पडून पाय झाडायला लागल्या. आम्ही पानं काढली, पाणी बदललं, तरी एकेक थांबत गेली. “अगं, पानं कुठली आणलीस?” बाबांनी विचारलं. मी सांगितलं. “पण धुराने कुणालाच काही होत नाही, असं तूच पत्रकात छापलं होतंस ना?” टोमणा नव्हता तो, त्यांनी माझ्यावर खरंच विश्वास ठेवला होता. ती ओळ मी कुणालाही न विचारता ठोकून दिली होती. आज मी कुणाच्याही दारात जाऊन जाब विचारते. त्या दुपारी मात्र बाबांच्या शेजारी उभी राहून त्या अंडीवालीचे पाय थांबताना नुसती बघत राहिले.