मिरचीच्या कुंडीतली कामोणी

बाईंचा वैताग काही एका दिवसाचा नव्हता, तीस वर्षं मुरलेला होता. वनस्पतिशास्त्र विभागात त्यांच्या हाताखालून सतराजण डॉक्टर होऊन बाहेर पडले, आणि त्यातल्या निम्म्यांना झाडापेक्षा झाडाचा आलेख जास्त ओळखीचा होता. निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना वरून फर्मान निघालं, की मार्गदर्शकांनी आपापल्या विद्यार्थ्यांना नोकरीसाठी तयार करावं. म्हणजे दर गुरुवारी बाईंनी टेबलाच्या पलीकडे बसायचं, कंपनीवाल्याचा आव आणायचा आणि खोटी मुलाखत घ्यायची.

"रोप कोमेजलं, तर पहिलं काय कराल?" त्यांनी एकाला विचारलं.

"पानाचा नमुना तपासायला पाठवीन."

"अरे, आधी मातीत बोट घाल."

त्याने ते वहीत लिहून घेतलं. बाईंनी कपाळावर हात मारला. तो आणि त्याच्या आधीची एक, दोघंही खऱ्या मुलाखतींतून हात हलवत परत आले.

आता उरली मोजपट्टी. काहीही सांगायचं तर ती मिलिमीटरमध्येच सांगायची, म्हणून हे नाव पडलेलं. बाईंची ही शेवटची विद्यार्थिनी. सोमवारी तिची एका बियाणे कंपनीत मुलाखत होती. ती हुकली तर भावाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, असं घरच्यांनी ठरवूनच टाकलं होतं. ही पोरगी तरी मार्गी लागू दे, एवढंच बाईंना वाटत होतं, आणि तसं वाटायला लागलं की त्यांचा आवाज आणखी चढायचा.

शनिवारी त्या म्हणाल्या, "चल, तुझी झाडं दाखव. ते लोक तुला कुंडीपाशीच उभं करतील."

ग्रीनहाऊस तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत होतं आणि बाईंचे गुडघे तळमजल्याचे. चार वेळा थांबत त्या वर पोचल्या. पाणी तोडल्यावर मिरचीचा कुठला वाण तग धरतो, हा पोरीचा प्रयोग. तीस कुंड्या होत्या. बाकीची रोपं माना टाकून उभी होती. चौदा, पंधरा आणि सोळा नंबर मात्र हिरवेगार.

"याच वाणावर सगळा निष्कर्ष उभा आहे, बाई," ती अभिमानाने म्हणाली.

बाईंना दारातूनच दिसलं होतं. तरी त्या जवळ गेल्या, फुलं उलटून पाहिली. "मिरचीला फूल कसं लागतं गं?"

"पांढरं."

"एकेकटं लागतं. हा झुपका आहे. ही कामोणी आहे, बये. तण. तुझं बी उगवलंच नाही, मातीतलं हे उगवलं आणि तू चाळीस दिवस त्याची उंची मोजत बसलीस."

"कोवळेपणी अगदी मिरचीसारखंच दिसत होतं, बाई."

"आणि नंतर? झाडाकडे बघायचीस की नुसत्या पट्टीकडे?"

पोरीने नोंदवही पुढे केली. सहा आठवड्यांची सहा पानं, आणि प्रत्येक पानाखाली बाईंची सही. खाली खुर्चीत बसून, चहा पिता पिता केलेली. बाईंचा राग तिथल्या तिथे फिरून त्यांच्याच अंगावर आला, आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं.

"या तीन कुंड्या वगळल्या तर दाखवायला काहीच उरत नाही," ती हळूच म्हणाली. "तशाच ठेवू? फोटो लांबून काढलाय."

बाईंच्याही मनात क्षणभर आलं, की ठेवू दे. सोमवार तर उलटू दे. मग त्यांना स्वतःचीच चीड आली. "वगळ. आणि काय झालं ते सांग त्यांना."

"हसतील."

"हसू देत. झाकलेलं तण वाढतच जातं."

सोमवारी दुपारी फोन आला तेव्हा बाई डबा उघडून तशाच बसल्या होत्या.

"बाई, घेतलं मला!"

"तण सांगितलंस?"

"सगळं सांगितलं. खूप हसले. मोठे साहेब म्हणाले, चूक कबूल करणारं माणूस हवंच होतं. तुम्हाला ओळखतात ते, कॉलेजात तुमच्याच वर्गात शिकत होते म्हणे. मग त्यांनी विचारलं, की गाईडच्या कसं लक्षात आलं नाही?"

बाईंनी डब्याचं झाकण खाली ठेवलं. "मग?"

"तुम्ही वर येतच नव्हता, असं कसं सांगणार? मी म्हटलं, बाई दर आठवड्याला स्वतः येऊन बघायच्या. त्यांनाही ओळखू आली नाही."

आळशी म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते खरंच होतं. पण कामोणी न ओळखणारी वनस्पतिशास्त्राची बाई! जुन्या वर्गात संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्यांकडे पोचणार होती. एक फोन करून खरं सांगता आलं असतं. आणि मग पोरगी रुजू होण्याआधीच खोटारडी ठरली असती.

"बाई? चुकलं का माझं?"

"नाही गं," बाई म्हणाल्या. त्यांनी डब्याचं झाकण परत लावून टाकलं. "रुजू कधी व्हायचं?"