उपरण्यावरचं कुंकू

काल तळेगावात वीज गेली, मेणबत्ती लावली आणि त्या वासासरशी मी थेट बेडशाच्या लेण्यात पोचले! नऊ वर्षांची मी, हातात बेल आणि कुंकू, आबांच्या म्हणजे वडिलांच्या पुढे धापा टाकत पायऱ्या चढतेय. आतला गोल दगडी स्तूप आम्ही शंकराची पिंडच समजायचो. मी त्यावर कुंकवाची बोटं ओढली, तोच पांढऱ्या साडीतली एक वयस्कर बाई मेणबत्त्या घेऊन आत आली आणि थबकली.

"भाऊ, पिंड नव्हे ही. आमच्या बुद्धांचा स्तूप आहे."

आता भांडण होणार, म्हणून मी आबांच्या मागे सरकले.

"व्हय? आमाला ठावंच न्हवतं, मावशी," आबा म्हणाले आणि खांद्यावरच्या पांढऱ्याशुभ्र उपरण्याने त्यांनी ते कुंकू पुसून काढलं. बाईंनी हसून मेणबत्ती माझ्या हातात दिली. "लाव, बाळ." केवढी हरखले होते मी! अख्खं लेणं मीच उजळलं होतं!

तेव्हा मला फक्त ती ज्योत दिसली. आज आबांचा हात दिसतो, क्षणभरही न अडखळलेला. उपरण्यावरचा लाल डाग काही निघाला नाही. तेच उपरणं खांद्यावर टाकून आबा दर सोमवारी शंकराच्या देवळात जात राहिले.