पुसलेला पत्ता

टीव्ही दुरुस्त करणाऱ्या धाकट्याने थोरल्या भावाबरोबर एका जुन्या कॉम्प्युटरवर एक गेम लिहून कॅसेटवर साठवला होता. अशा कॅसेटवरच्या फाइलच्या सुरुवातीला मेमरीतला एक पत्ता, म्हणजे एक आकडा, असतो. तो वाचूनच मशीन प्रोग्राम सुरू करतं. दोघांचं बिनसलं तेव्हा धाकट्याने रागाच्या भरात तो पत्ताच पुसून टाकला. आकडा आपल्या डोक्यात आहे, येईल नाक मुठीत धरून विचारायला! थोरला कसला येतोय.

आता थोरला गेल्यावर वहिनी ती कॅसेट आणि कॉम्प्युटर घेऊन दुकानात आल्या. "भावजी, एकदा तरी चालवून दाखवा."

कॅसेट किरकिरली, फाइल सगळीच्या सगळी मेमरीत उतरली. पण आकडा डोक्यातून साफ उडाला होता. त्याने अंदाजाने एक टाकला, मशीन ठप्प. पुन्हा कॅसेट लावून दुसरा टाकला. पडद्यावर नुसता कचरा. तो तिसऱ्यांदा कॅसेट मागे फिरवू लागला.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "ह्यांनाही कधी जमलं नाही. मी म्हणायचे, भावजींना विचारा की. तर म्हणायचे, अगं, तोही विसरला असला तर उगाच खजील होईल बिचारा."